एम.ए. मानसशास्त्राला निघालेल्या लेकरासाठी

बी.ए.चा निकाल लागला की माजलगावातली मानसशास्त्राची मुलं-मुली घरी येतात. पेढा होतो, चहा होतो आणि मग प्रश्न येतो, "मॅडम, एम.ए. कुठं करू?" मी आधी विचारते, एम.ए. करून तुला काम कोणतं करायचंय? बहुतेकांकडे उत्तर नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, कुणी त्यांना हे विचारलेलंच नसतं. मानसशास्त्राच्या पदव्यांची नावं एकमेकींसारखी दिसतात, पण एक दवाखान्यात नेते, दुसरी शाळेत, तिसरी कंपनीत. काही कामं तर ठरावीक पदवीशिवाय कायद्याने करताच येत नाहीत. दोन वर्षं आणि घरचा पैसा घालून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. वर्गात जे सांगायला वेळ पुरला नाही ते इथं अकरा कानमंत्रांत सांगते. लेकरा, सावकाश वाच, आणि घरी आई-वडिलांनाही वाचून दाखव.

१. आधी काम ठरव, मग पदवी

मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला मुख्यतः पाच वाटा असतात. पहिली चिकित्सेची: मानसिक आजार असलेल्या माणसांची तपासणी, चाचण्या, मानसोपचार. दुसरी समुपदेशनाची: शाळा, कॉलेज, रुग्णालय, कुटुंबातले तंटे. तिसरी लहान मुलांची: अभ्यासात मागे पडणारं, एका जागी न बसणारं, उशिरा बोलणारं मूल नेमकं कुठं अडतंय हे शोधायचं. चौथी उद्योगाची: माणसांची निवड, प्रशिक्षण, कामाच्या जागचे ताण. पाचवी शिकवण्याची आणि संशोधनाची.

यातली कोणती तुझी, हे ओळखायचं कसं? कामाचा मोठेपणा पाहू नकोस, त्या कामातला एखादा साधा दिवस डोळ्यांपुढे आण. चिकित्सेत दिवसभर समोर दुःख बसलेलं असतं आणि सुधारणा महिन्यांनी दिसते. मुलांच्या कामात चाचण्या, अहवाल आणि थकलेले आई-बाप असतात. संशोधनात आकडे असतात आणि एकट्याने बसणं असतं. उद्योगात बैठका असतात. ज्याचा कंटाळाही तुला झेपेल ते काम तुझं.

एक गोष्ट घरच्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांग. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. करून पुढे एम.डी. झालेला डॉक्टर असतो. एम.ए. करून औषध लिहिता येत नाही. हे आधी स्पष्ट झालं की "डॉक्टर होणार" ही घरातली समजूत पुढे तुझ्या मानेवर बसत नाही.

२. कायदा काय म्हणतो ते पाठ असू दे

एम.ए. मानसशास्त्र झालं म्हणजे माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाला, असं आपल्याकडे सर्रास समजतात. तसं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण लागतं आणि त्या शिक्षणात अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहण्याचं प्रशिक्षण असावं लागतं. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते.

आजवरचा नेहमीचा रस्ता असा होता: दोन वर्षांची एम.ए., मग आरसीआयमान्य संस्थेत दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., मग नोंदणी. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ या वर्षापर्यंत सवलत मिळाली. पुढच्या रचनेत आरसीआयमान्य क्लिनिकल सायकॉलॉजीची एम.ए. आणि सायडी (Psy.D.) या पदव्या आहेत. म्हणजे तू ज्या वर्षी प्रवेश घेशील त्या वर्षीचाच नियम बघायचा. थोरल्या भावाच्या मित्राने पाच वर्षांपूर्वी जो रस्ता धरला तो तुझ्यासाठी उघडा असेलच असं नाही.

कॉलेजात गेल्यावर तीन प्रश्न विचार. या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का? ती माझ्या तुकडीच्या वर्षासाठी आहे का? आणि पदवी घेतल्यावर माझी नोंदणी कोणत्या नावाने होईल? मान्यतेचं पत्र डोळ्यांनी पाहा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव शोध. "मान्यता येणारच आहे" असं उत्तर आलं तर मान्यता नाही असं धर.

चिकित्सेच्या बाहेर काम करायचं असलं तरी कायदा सुटत नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि इतर मानसशास्त्रज्ञ त्याच्या कक्षेत आले. त्या आयोगाचे नियम येत जातील तसे वाचत राहा. ज्या व्यवसायात पुढची तीस वर्षं काढायची आहेत, त्याचे नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चालणार नाहीत.

३. घरबसल्या पदवीच्या नादी लागू नकोस

आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी, विशेषतः लग्न झालेल्या मुलींनी, दूरशिक्षणातून मानसशास्त्राची एम.ए. केली. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. मात्र २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून अनुदान आयोगाने मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. आता कुणी एजंट तालुक्याच्या चौकात दुकान मांडून सांगू लागला, "फक्त परीक्षेला या, बाकीचं आम्ही बघतो," तर त्याच्याकडे पैसे देऊ नकोस आणि मूळ कागदपत्रं तर अजिबात देऊ नकोस.

ही मनाई मला योग्य वाटते. समोरच्या माणसाचं ऐकायचं कसं, तो गप्प झाला तर आपण किती वेळ गप्प राहायचं, जीव द्यावासा वाटतो असं तो म्हणाला तर पुढचा प्रश्न कोणता, हे समोरासमोर बसून, चुका दाखवून घेत शिकावं लागतं. घरची अडचण असेल तर जवळचं नियमित कॉलेज शोध, एक वर्ष थांबून पैसे साठव, पण वर्गात बसून शीक.

४. माहितीपत्रक बाजूला ठेव

बैल घ्यायला गेलेला शेतकरी शिंगांचा रंग बघत नाही, चार पावलं चालवून बघतो. कॉलेजही तसंच बघायचं. इमारत, फलक, चकचकीत पुस्तिका राहू दे. खालच्या गोष्टींची चौकशी कर.

मानसशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिकेवरचे शिक्षक पुष्कळदा जीव तोडून शिकवतात, पण वर्षाच्या मध्यात ते दुसरीकडे गेले तर तुझा प्रबंध वाऱ्यावर राहतो.

प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या आहेत, आणि त्या मुलांच्या हाती पडतात की कपाटात असतात? गेल्या वर्षीची प्रात्यक्षिकाची वही मागून बघ. सगळ्यांच्या वहीत तेच आकडे असतील तर काय समजायचं ते समज.

प्रत्यक्ष कामासाठी मुलांना कुठं पाठवतात? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, कार्य प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प हे भाग आहेत. कागदावर ते सगळीकडे सारखे. फरक असतो तो अंमलात. एका कॉलेजात मुलं रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊन बसतात, दुसऱ्या कॉलेजात ओळखीच्या शाळेचा शिक्का आणून काम झाल्याचं दाखवतात.

ही उत्तरं कार्यालयात मिळणार नाहीत. त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना गाठ. दोघा-तिघांशी तरी बोल. एकाचा राग किंवा एकाचं कौतुक पुरेसं नाही.

५. देखरेख करणारा माणूस शोध

एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेव. मानसशास्त्राची पदवी निवडताना तू खरं तर एक गुरू निवडत असतेस किंवा असतोस. ज्याच्या हाताखाली तू पहिली दहा-वीस माणसं पाहशील, त्याच्या सवयी तुला जन्मभर चिकटतात. तो रुग्णाशी कसा बोलतो, रुग्ण गेल्यावर त्याच्याविषयी कसा बोलतो, नोंदी ठेवतो का, "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे" असं म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो का, हे बघ.

म्हणून विचार: माझ्या कामाची चर्चा दर आठवड्याला कुणाबरोबर होईल? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? हे दोन प्रश्न विचारले की कॉलेजाची खरी तब्येत कळते. चांगल्या विभागात या प्रश्नांचा आनंद होतो, कच्च्या विभागात त्यांचा राग येतो.

६. मराठी पक्की ठेव, इंग्रजीला भिऊ नकोस

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत. नेट परीक्षेची मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. तेव्हा उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची सोय असली तरी रोज दोन पानं इंग्रजीतून वाचायची आणि संज्ञा दोन्ही भाषांत लिहायच्या, ही सवय बी.ए.च्या शेवटच्या वर्षापासूनच लाव.

पण काम मराठीतच करायचंय. आपल्याकडची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत येत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, असं ती सांगते, आणि तीही आधी दोन डॉक्टर आणि एखादा देवस्कीवाला करून आलेली असते. तिला न हसता, न रागावता ऐकून घेता आलं पाहिजे.

चाचण्यांचंही तेच. चाचणी ज्या मुलांवर बसवलेली असते त्या मुलांसाठीच तिचे आकडे खरे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, ती याच कारणाने. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापनाचं काम उभं केलं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत आणली. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली आणि हा विषय मराठीत घरोघर नेला. जो विभाग अशा कामाशी तुझी गाठ घालून देतो तो चांगला. अमेरिकन पुस्तकातली उदाहरणं जशीच्या तशी फळ्यावर लिहिणारा विभाग कमी प्रतीचा, मग त्याची फी कितीही असो.

७. गाव कोणतं?

आपल्यासाठी पहिलं ठिकाण छत्रपती संभाजीनगर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, तिथं मानसशास्त्राचा विभाग आहे, शासकीय फी परवडते, गढीमार्गे घरी येणंजाणं सोपं. मोठ्या शहराचं नाव नाही म्हणून ते खाली मानू नकोस. चौथ्या आणि पाचव्या कानमंत्रातले प्रश्न तिथंही विचार.

पुणे विद्यापीठाचा विभाग १९५० चा, जुना आणि संशोधनाची परंपरा असलेला. पुण्यातल्या काही नामांकित कॉलेजांतही एम.ए. आहे. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ चा. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, पण जागा थोड्या आणि स्पर्धा देशभराची. तिथं आणि केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी-पीजी ही परीक्षा. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. बी.ए.चा निकाल लागल्यावर जागी होणारी मुलं तिथं दारातूनच परत येतात. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपासून तयारीला लाग.

शहर निवडताना एक हिशेब धर: तिथं चालू स्थितीतलं रुग्णालय आहे का आणि तुझ्या विभागाचा त्याच्याशी संबंध आहे का. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पण आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुट्टीत तिथल्या मनोविकार विभागात रीतसर परवानगी मागून बाह्यरुग्ण कक्षाचं कामकाज बघता आलं तर बघ. चिकित्सेची वाट आपल्याला झेपते की नाही, हे प्रवेश घेण्याआधीच कळेल.

८. पैशाचा हिशेब कागदावर मांड

फी एका बाजूला आणि राहणं-खाणं दुसऱ्या बाजूला लिही. पुण्या-मुंबईत दुसरा आकडा पहिल्याला गिळतो. म्हणून विद्यापीठाचं वसतिगृह मिळेल का, हे प्रवेशाइतकंच महत्त्वाचं. महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तुझ्या अभ्यासक्रमाला यातली कोणती लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात आणि कॉलेजात दोन्हीकडे विचार. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर हे उन्हाळ्यातच काढून ठेव. जुलैमध्ये सेतूसमोर रांग लावून हातात काही पडत नाही.

खासगी विद्यापीठाच्या लाखांच्या फीसाठी जमीन विकायची नाही आणि सावकारही करायचा नाही. या विषयात सुरुवातीचा पगार मोठा नसतो आणि बरीच पदं कंत्राटी असतात. पाच वर्षांत फिटणार नाही असं कर्ज डोक्यावर घेऊन जो समुपदेशक दुसऱ्याचं ऐकायला बसेल, त्याचंच मन ठिकाणावर राहणार नाही.

९. नोकरीच्या जाहिराती आत्ताच वाच

प्रवेशाआधी पाच-सहा जाहिराती काढून त्यातली पात्रता वहीत लिही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं, आणि तिथं दुसऱ्या कानमंत्रातली पात्रता आडवी येते. एचआयव्ही तपासणी केंद्रं, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिकं, महिलांसाठीची वन स्टॉप सेंटरं इथं समुपदेशक लागतात. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथंही प्रशिक्षित माणसं लागतात. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला बीड जिल्हा होताच.

शिकवायचं असेल तर ज्युनिअर कॉलेजला एम.ए.बरोबर बी.एड. लागतं. वरिष्ठ महाविद्यालयाला नेट, सेट किंवा पीएच.डी. नेटसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांत ५० टक्के गुण लागतात. पहिल्या सत्रात सांख्यिकी अवघड जाते म्हणून ती सोडून दिली की हीच टक्केवारी निसटते. सांख्यिकीची भीती असेल तर उन्हाळ्यातच दहावीचं गणित पुन्हा काढ.

१०. प्रबंधाचा विषय आपल्या मातीतला घे

दुसऱ्या वर्षी बहुतेक मुलं "महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील ताण" असा विषय घेतात, कारण प्रश्नावल्या वर्गातच भरून मिळतात. तू तसं करू नकोस. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांची झोप, त्यांची शाळा, त्यांची भीती. फडात कोयता चालवून रात्री चूल पेटवणाऱ्या बाईचा थकवा. उचल न फिटलेल्या घरातलं वातावरण. धरणात जमीन गेलेल्या घरांच्या आठवणी. एवढे विषय दुसरीकडे शोधून मिळणार नाहीत.

पण वेळापत्रक आधीच लाव. मोठ्या माणसांना भेटायचं असेल तर ती उन्हाळा ते दसरा एवढेच दिवस गावात सापडतात. मागे राहिलेल्या मुलांना भेटायचं तर हिवाळा. मार्गदर्शकाला हे पहिल्या सत्रातच सांग. आणि एखाद्याच्या घरी प्रश्नावली घेऊन गेलीस किंवा गेलास, आणि तिथं कुणी खरंच अडचणीत दिसलं, तर आकडा लिहून परत येऊ नकोस. कुणाकडे पाठवायचं, कोणता नंबर द्यायचा, हे खिशात ठेवूनच निघायचं.

११. तोंड बंद ठेवायला शीक

माजलगाव लहान आहे. तुझ्याकडे येणारी बाई बाजारात भेटेल, तिची सासू तुझ्या आत्याची मैत्रीण असेल. ऐकलेलं घरातही बोलायचं नाही, नाव गाळूनही नाही, कारण इथं नाव गाळलं तरी माणूस ओळखू येतो. ज्या विभागात शिक्षकच वर्गात रुग्णांचे किस्से रंगवून सांगतात तिथं ही शिस्त लागणार नाही. कॉलेज बघायला गेल्यावर एखाद्या तासाला बसू दिलं तर यासाठीही कान उघडे ठेव.

स्वतःच्या घरच्यांवर उपचार करायला बसू नकोस. आणि स्वतःच्या मनात काही जुनं दुखणं असेल तर शिकायला निघण्याआधी कुणा जाणत्याशी बोलून घे. दुखणं असणं ही अपात्रता नाही, ते दाबून ठेवून दुसऱ्याचं ऐकायला बसणं घातक आहे.

आता करायचं काय? या आठवड्यात वहीच्या एका पानावर तीन कॉलेजांची नावं लिही. प्रत्येकापुढे पाच रकाने आखायचे: मान्यता, पूर्णवेळ शिक्षक, प्रत्यक्ष कामाची जागा, देखरेख कोणाची, दोन वर्षांचा एकूण खर्च. फोन करून, जाऊन, मुलांशी बोलून ते भर. ज्या कॉलेजाचे रकाने रिकामे राहतील ते खोडून टाक, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. उरलेल्यांत जिथं तुला जास्त माणसं भेटतील आणि चांगल्या गुरूची नजर तुझ्यावर राहील, तिथं अर्ज कर. शिकून झाल्यावर कुठं राहायचं ते तुझं तू ठरव. मात्र या तालुक्यात मनाचं दुखणं सांगायला जागा नसलेली पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यांना त्यांच्याच बोलीत ऐकून घेणारं, नीट शिकलेलं माणूस हवं आहे. तसं नीट शीक.